दीपस्तंभानंतर काटायचं की नाही

कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाईला कायदा कळतो, असा एक समज आमच्या आळीत पसरलेला आहे. तो दूर करावा असं मला गेल्या वीस वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. दिवसभर वकिलांचे कागद हातातून जातात. मी ते वाचत नाही असं वकिलांना सांगते, आणि वाचते. त्या वाचनाने मला दोन विद्या दिल्या. लांबलचक वाक्य एका दमात म्हणता येतं, आणि आपण चुकतोय असं वाटलं तरी आवाज खाली येत नाही. न्यायाधीश व्हायला आणखी काय लागतं? माझं न्यायालय रविवारी दुपारी चार वाजता आमच्या पडवीत भरतं आणि तिथे चालणारे सगळे खटले पत्त्यांचे असतात.

पत्ते म्हणजे बावन्न पानांचे नव्हेत. पावणेदोन वर्षांपूर्वी दिवाळीला लेक पुण्याहून आली, तेव्हा तिने एक जाडजूड खोका आणला. "आई, तुम्ही दोघं संध्याकाळी टीव्हीसमोर झोपता. त्यापेक्षा हे खेळा," म्हणाली आणि चार दिवसांनी निघून गेली. खोक्यात तीनशे पानं आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक. मी दुकानात बसून ते सगळं मराठीत आणलं, बारीक टाइपात छापलं, कापलं, आणि प्रत्येक पानाला प्लास्टिकचं पाकीट चढवून आत चिठ्ठी सरकवली. दीड महिना गेला त्यात. त्या दीड महिन्यात एका वकिलाच्या अर्जाच्या पान चारवर 'जकात भरा आणि दोन पानं उचला' असं छापून गेलं होतं, पण ते वेळेत सापडलं.

खेळ बंदराचा आहे. सुरुवातीला प्रत्येकाकडे सारखीच दहा फडतूस पानं. त्यांतली पाच हातात घ्यायची, त्यांवरच्या नाण्यांनी मधल्या बाजारातलं एखादं चांगलं पान विकत घ्यायचं आणि मग सगळी पानं आपल्यासमोर बाजूला टाकायची. आपला गठ्ठा संपला की टाकलेली पानं पिसून त्यांचाच नवा गठ्ठा करायचा. म्हणजे आज घेतलेलं पान एकदोन फेऱ्यांनी आपल्याच हातात येतं. मेंढीकोटात नशीब वाटणाऱ्याच्या हातून येतं. इथे ते आपण बाजारातून निवडून जमवायचं, आणि मग ते वेळेवर आलं नाही म्हणून कपाळ बडवायचं. शेवटी मोठी जहाजं संपली की डाव संपतो. ज्याच्या पानांवर जास्त गुण, तो जिंकला.

खेळायला आम्ही चौघं. मी आणि माझा नवरा. तो कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि जगातली प्रत्येक गोष्ट फायलीला लावल्यासारखी सरळ करून ठेवतो. तिसऱ्या म्हणजे शेजारच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना आख्खी आळी नुसतं 'बाई' म्हणते, आणि त्या जवळजवळ प्रत्येक डाव जिंकतात. चौथे मिरकरवाड्याचे चाचा. बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढून कायमचे घरी आले, तेव्हा बसायचं कुठे हाच त्यांचा प्रश्न होता. घरात चाचींना ते पायात येत. जेट्टीवर जावं तर तिथले म्हातारे रोज त्याच तीन गोष्टी सांगत. माझ्या दुकानात पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला आले आणि काउंटरवर पसरलेली पानं बघून म्हणाले, "हा काय प्रकार हाय गो, बाय?" पुढच्या रविवारी ते पडवीत होते.

निकालांची माझी एक वही आहे. पहिला गाजलेला निकाल 'कस्टमवाल्या'चा. हे पान खेळलं की बाकीच्यांनी हातातली पानं टाकून तीनच ठेवायची. पण ज्याच्या हातात 'बंद गोदाम' असेल त्याने ते दाखवायचं, मग त्याला कस्टमवाला शिवत नाही. एकदा बाईंनी एकाच फेरीत दोन कस्टमवाले सोडले. नवऱ्याने पहिल्याला गोदाम दाखवलं, दुसऱ्यालाही तेच दाखवलं.

"ते वापरून झालं," बाई म्हणाल्या.

"दाखवलंय. वापरलेलं नाही," नवरा म्हणाला.

मी स्टेपलर टेबलावर आपटला, उभी राहिले, चष्मा काढला, परत घातला. "रेशनकार्ड दुकानदाराला दाखवलं म्हणून संपतं का? गोदाम कितीही वेळा दाखवता येईल. पुढचा खटला!" लेकीकडून विचारून घेतलं, तर खेळ बनवणाऱ्यांचंही तेच म्हणणं निघालं. त्यानंतर माझी मान आठ दिवस खाली आली नाही.

आता मूळ भानगडीकडे येते.

आम्ही चौघंही मेंढीकोटात वाढलेले. आमच्या हाडात मुरलेली एक गोष्ट अशी की गठ्ठ्याला हात लागला की तो उजव्या हाताच्या माणसाने काटायचा, म्हणजे मधून उचलून खालचा अर्धा वर ठेवायचा. काटल्याशिवाय पानं उचलणारा माणूस एक तर लबाड असतो, नाही तर परगावचा. बंदराचा खेळ आला तेव्हा काटायचं की नाही हे कोणी पुस्तकात बघितलंच नाही. तांदूळ धुवायचे का, हे आपण पुस्तकात बघतो का? पिसलं की काटायचं, गठ्ठ्यातलं पान बघून परत ठेवलं की काटायचं. पहिल्याच महिन्यात मी तसा निकालही लिहून ठेवला आणि खाली झोकदार सही केली.

खेळात 'दीपस्तंभ' नावाचं एक पान आहे. चांगलं महाग. ते खेळलं की आपल्या गठ्ठ्यातली वरची तीन पानं बघायची, नको ती टाकायची, हवी ती वर ठेवायची आणि मग वरचं एक उचलायचं. चाचा ते पान बाजारात दिसलं की घेत. घेतल्यावाचून त्यांना राहवतच नसे. "रात्री दिवा दिसला की इंजिन रूमला वरून फोन यायचा. मग आम्हाला कळायचं, आलो घराजवळ," असं एकदा म्हणाले होते. तर चाचा तीन पानं बघत. चेहरा उजळे. सोन्याचं पान सापडलेलं असे. ते वर ठेवत आणि गठ्ठा उजवीकडे सरकवत. उजवीकडे माझा नवरा. तो दोन बोटांनी, फाइलीतला कागद उपसावा तसा गठ्ठा काटून देई. सोनं गठ्ठ्याच्या पोटात आणि चाचांच्या हातात फुटकं होडकं.

दीड वर्षात चाचा एकही डाव जिंकले नाहीत. एकही नाही. दीपस्तंभ हे खेळातलं सगळ्यात टाकाऊ पान आहे असं आमचं एकमत झालं होतं.

"चाचा, त्या दिव्यावर खर्च करू नका हो," बाई म्हणत. "तेवढ्यात एक गलबत येतं."

"गलबत घेऊन जाऊ कुठे, बाई? दिवा नको?"

असं हसत चाललेलं असताना एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून चाचा म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो नि मग बस करतो."

आम्हाला आधी थट्टाच वाटली.

"नाय, खरंच," ते म्हणाले. "मी तुमच्यात भरतीचा माणूस झालोय. जहाजावर माझ्या हाताखाली नऊ जण होते. इथे मना एक डाव लागत नाय. घरी गेलो की नातू व्हिडिओवर विचारतो, दादा, आज जिंकलात? पोराला दर वेळी काय सांगू? जेट्टीवर बसेन मी. तिथे कोण जिंकत नाय, कोण हरत नाय."

नवरा काहीतरी सरळ करायला मिळेल का बघू लागला. बाईंनी चाचांच्या कपात आणखी चहा ओतला. मी स्टेपलर उचलला, आणि न आपटताच खाली ठेवला.

त्याच डावात ती गोष्ट घडली. गॅसवाला आला म्हणून नवरा उठून दाराशी गेला आणि नेमका तेव्हाच चाचांनी दीपस्तंभ खेळला. काटायला उजवीकडे कोणीच नाही.

"मी काटते," डावीकडून बाई.

"डावीकडून नाही चालत!" दारातून नवरा ओरडला. त्याच्या खांद्यावर सिलिंडर होता.

"मग काय, सिलिंडर बसवून होईपर्यंत डाव थांबवायचा?"

प्रश्न तत्त्वाचा होता. मी निकाल राखून ठेवला आणि लेकीला कळवलं. खेळ बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर असे अडलेले प्रश्न विचारता येतात. आमच्या वतीने ती विचारते. प्रश्न मी स्वतः बांधून दिला होता: 'दीपस्तंभ खेळल्यावर उजवीकडचा खेळाडू गैरहजर असल्यास गठ्ठा काटण्याचा अधिकार डावीकडच्यास पोचतो काय?'

शुक्रवारी दुकानात फोन आला. लेक हसत होती. इतकी हसत होती की मला वाटलं रडतेय.

"आई, तुम्ही काटता?"

"म्हणजे काय? न काटता कसं खेळणार?"

"आई, तिथल्या माणसाने उलट विचारलंय, काटायचं म्हणजे काय करायचं? त्याला प्रश्नच कळला नाही. दीपस्तंभ लावला की गठ्ठा तसाच ठेवायचा. म्हणून तर ते पान एवढं महाग आहे! या खेळात कधीच कोणी कोणाचा गठ्ठा काटत नाही."

मी स्टुलावर बसले. समोर एक वकील दहा प्रती मागत होता. त्याला मी वीस दिल्या.

"आणखी एक," लेक म्हणाली. "नवी आवृत्ती आलीये. त्यात दीपस्तंभ फार जोरदार होतोय म्हणून कमी केलाय. तीनऐवजी दोनच पानं बघायची. जुना खोका असेल त्यांनी डाव सुरू होण्याआधी ठरवायचं, जुना नियम की नवा. मी पप्पांनाही पाठवते."

बघा आता. दीड वर्ष ज्या पानाला आम्ही टाकाऊ म्हणत होतो ते इतकं जोरदार होतं की बनवणाऱ्यांना त्याचे पंख कापावे लागले. चाचा खेळायला येऊन टाकाऊ पान घेत नव्हते. ते चौघांत सगळ्यात शहाणे होते आणि माझ्या झोकदार सहीने त्यांना मूर्ख ठरवलं होतं.

शनिवारभर मी विचार केला. चूक कबूल करायची, हे तर ठरलंच. पण दुरुस्तीचं काय? माणसाला दीड वर्षांनी त्याचं पान परत द्यायचं आणि त्याच दमात अर्धं काढून घ्यायचं? कोर्टासमोर बसून मला एक कळलंय की कायदा झाला तरी तो लागू कधीपासून, ही वेगळीच गोष्ट असते. आमच्या पडवीत नियम लॅमिनेट झाल्यावर लागू होतो, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. आणि लॅमिनेट केलं नाही.

रविवारी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेवटचा दिवस म्हणून असावा. चाचींनी डबाभर नानखटाई दिली होती. तीही बहुधा त्याचसाठी. मी उभी राहिले. स्टेपलर आपटला.

"न्यायालयाकडून चूक झाली आहे," मी म्हटलं. आवाज खाली जाऊ दिला नाही, पण गेला थोडा. "दीपस्तंभानंतर काटायचं नाही. पिसल्यावरही काटायचं नाही. या खेळात काटायचंच नसतं. पहिल्या महिन्यातला माझा निकाल रद्द."

चाचांनी हातातली नानखटाई परत डब्यात ठेवली.

"म्हणजे," चाचा सावकाश म्हणाले, "दीड वर्ष माझा दिवा या भावाने विझवला?"

"मी?" नवरा खुर्चीतून उठलाच. "तुम्ही स्वतः गठ्ठा पुढे सरकवायचात! पुढे आला की मी काटतो!"

"मग तू बोलायचंस ना, नको सरकवू म्हणून!"

"मला काय माहीत? निकाल हिचा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नानखटाई खाल्ली. दुसरं काय करणार?

"आणि मी जिंकत होते ते?" बाईंनी विचारलं. त्यांच्या प्रश्नात खरी काळजी होती. गणिताच्या माणसाला अठरा महिन्यांचं उत्तर चुकलं असेल, ही कल्पना सोसत नाही. "चला, लावा डाव. मला बघायचंच आहे."

डाव लागला. चाचांनी तिसऱ्या फेरीत पहिला दीपस्तंभ घेतला, चौथ्यात दुसरा. सहाव्यात पहिला हातात आला आणि त्यांनी तो खेळला. तीन पानं बघितली, एक टाकलं, दोन वर ठेवली, आणि मग आयुष्यभराच्या सवयीने त्यांचा हात गठ्ठा घेऊन उजवीकडे सरकला. तितक्याच जुन्या सवयीने नवऱ्याची दोन बोटं पुढे आली.

फट्!

बाईंनी वाकून नवऱ्याच्या हातावर चापट मारली होती. फळ्यावर खडूने खरडणाऱ्या पोराला मारावी तशी.

"हात मागे! आणि चाचा, तुम्ही पण. स्वतःचं गलबत दुसऱ्याच्या दोरीला का बांधता?"

चाचांनी गठ्ठा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि वरचं पान उचललं. सोनं. त्यांनी ते आम्हाला एकेकाला दाखवलं. तसं दाखवायचं नसतं, पण मी हरकत घेतली नाही.

त्यानंतर डावाने रंग धरला. बाई पुढे होत्याच, पण नेहमीसारख्या एकट्या धावत नव्हत्या. शेवटची दोन मोठी जहाजं उरली. आणि इतक्यात नवऱ्याने खिशातून फोन काढला. लेकीने त्यालाही पाठवलेलं मी साफ विसरले होते.

"हे काय आहे?" तो चष्मा कपाळावर ढकलून वाचू लागला. "दीपस्तंभ... तीनऐवजी दोनच पानं... हे शुक्रवारी आलंय. तू सांगितलं नाहीस?"

"लॅमिनेट व्हायचं आहे," मी म्हटलं.

चाचांनी पानं खाली ठेवली. "मशीन बिघडलं काय?"

एखादं लांब वाक्य म्हणता आलं असतं. तोंडात तयार होतं. पण चाचा माझ्याकडे बघत होते.

"मशीन ठणठणीत आहे, चाचा. नव्या नियमात दोनच पानं बघायची आहेत. मीच आज आणलं नाही. तुम्ही एकदा तरी जिंकावं म्हणून."

"म्हणजे मना ढील दिलीस."

"तसं नाही. डाव सुरू होण्याआधी ठरवायचं असतं, आणि आपण ठरवलं नव्हतं. म्हणजे जुनाच लागू. चालू डावात नियम बदलत नाही, हे खरोखर पुस्तकात आहे," मी म्हटलं. "शपथ."

बाईंनीही मान डोलावली. "बरोबर आहे ते. तुम्ही तीन बघा."

चाचांनी पानं परत उचलली.

"नियम तुझ्याकडे ठेव, बाय. मी दोनच बघणार. नायतर हा भाऊ मना जेट्टीपर्यंत ऐकवत येईल, तिसऱ्या पानावर जिंकलास म्हणून."

"मी कशाला ऐकवू?" नवरा म्हणाला.

"तू ऐकवशील. तू सिलिंडर खांद्यावर घेऊन नियम सांगतोस."

एक जहाज बाईंनी घेतलं. राहिलं एक. त्याला आठ नाणी लागत. चाचांची पाळी आली तेव्हा त्यांच्या हातात पाच नाणी आणि दीपस्तंभ. त्यांनी दीपस्तंभ टेबलावर ठेवला. गठ्ठ्यावरची दोन पानं उचलली. दोनच. बाई पुढे झुकून बघत होत्या, आणि त्या कोणाच्या बाजूने होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चाचांचा चेहरा मला वाचता येत होता दीड वर्ष, पण त्या क्षणी काही कळेना. एक पान त्यांनी टाकलं. फुटकं होडकं. दुसरं गठ्ठ्यावर उपडं ठेवलं, त्यावर तळहात ठेवला, नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने दोन्ही हात मांडीखाली घातले. मग चाचांनी ते पान उचललं आणि हातातल्या नाण्यांशेजारी ठेवलं. सोनं, तीन नाणी. पाच आणि तीन.

जहाज त्यांनी स्वतः उठून बाजारातून आणलं. टेबल हातभर लांबीचं आहे, उठायची काही गरज नव्हती.

गुण बाईंनी मोजले. एकदा, मग परत, मग कागदावर. "एकोणचाळीस, चाळीस," त्या म्हणाल्या. "चाचा चाळीस." आणि कागद पुढे करून म्हणाल्या, "यावर सही करा, मला ठेवायचाय हा."

चाचांनी सही केली. मग फोन काढून नातवाला लावला. तिकडे आखातात पोरगं क्रिकेटच्या शिकवणीला गेलेलं. सुनेने घेतला. "सांग त्याला, दादा जिंकले," एवढंच म्हणाले आणि ठेवला. दिवेलागणीची, मगरिबची अजान झाली. एरवीही आमचा खेळ तेव्हाच संपे. चाचा उठले, चपला घातल्या, आणि फाटकातून बाहेर पडले.

आम्ही तिघं बसून राहिलो. पुढच्या रविवारी येणार का, हे त्यांना कोणीच विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने नवऱ्याने पानं गोळा करायला घेतली. रंगाप्रमाणे लावून तो ती एकेक खोक्यात ठेवू लागला. बाईंनी रिकामा डबा धुवून आणला, म्हणाल्या, "हा उद्या चाचींना देऊन येऊ, सगळ्यांनी मिळून जाऊ." मी वही मिटली.

फाटक वाजलं. चाचा पायऱ्या चढून आले, टोपी घडी करून खिशात घालत, आणि टेबलाकडे बघून थबकले.

"पानं का आवरली?" ते म्हणाले. "नमाजाला गेलो होतो, मेलो नव्हतो. मांडा परत. आणि बाय, ह्या वेळी डाव लावायच्या आधी ठरवू, दोन की तीन. माझं म्हणणं दोन. त्यावर मना आणखी एक हरकत घ्यायची हाय, ती कस्टमवाल्याबद्दल."